सूत्रात स्तंभाचे नाव कसे पोहोचवावे?

आर भाषेत मॉडेलचे सूत्र लिहिले, की त्यातली नावे जशीच्या तशी राहतात. त्यांच्या जागी चलातली किंमत बसत नाही. म्हणून फंक्शनच्या ‘एक्स’ या चलात स्तंभाचे नाव ठेवून सूत्रात ‘एक्स’ लिहिले, तर मॉडेल बसवणारे ‘एलएम’ हे फंक्शन ‘एक्स’ याच नावाचा स्तंभ शोधते. तो नसेल तर चलातला एकुलता एक शब्द हाती लागतो आणि लांबी जुळत नसल्याची चूक दिसते. ही चूक उपकारकच म्हणायची. खरा धोका पुढे आहे. ‘एमटीकार्स’ या ३२ मोटारींच्या विदासंचात ‘डब्ल्यूटी’ हा वजनाचा स्तंभ आहे. चलालाही तेच नाव दिले आणि त्यातून अश्वशक्तीचा ‘एचपी’ पाठवला, तरी मॉडेल निमूटपणे वजनावरच बसते.

हे टाळण्यासाठी ‘रिफॉर्म्युलेट’ हे फंक्शन वापरून नावांपासून सूत्र आधी घडवावे, हे मला सर्वांत भरवशाचे वाटते. कुणी म्हणेल, सूत्रातच दुहेरी चौकटी कंसांनी स्तंभ उचलला तर? मॉडेलचे आकडे बरोबर येतात, हे मान्य. पण नव्या विदेवर ‘प्रेडिक्ट’ चालवले, की उत्तरे जुन्याच ३२ मोटारींची येतात. ओळींची संख्या वेगळी असेल तर निदान इशारा मिळतो. सारखी असेल तर तोही नाही. स्तंभाच्या नावात मोकळी जागा असेल, तर ‘रिफॉर्म्युलेट’लाही ते नाव बॅकटिकमध्ये घालूनच द्यावे.