पुढच्या सीटवर नाही बसायचं

लेखमाला : वाढत्या वयाच्या सोबतीनं – भाग ११

संध्याकाळी सातची वेळ. आई ओट्याशी उभी आहे, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर फोडणी. दुसरीतला मुलगा फ्रिजला टेकून त्यावरच्या स्टिकरची कड नखानं खरवडतोय. मध्येच म्हणतो, "आई, मला रिक्षाकाकांच्या पुढच्या सीटवर नाही बसायचं." आई मागे न वळता म्हणते, "अरे, मागे गर्दी होते म्हणून बसवतात तुला पुढे. किती लाड करतात काका तुझे! आणि ते स्टिकर नको खरवडूस." मुलगा आणखी थोडा वेळ तिथंच घुटमळतो, मग बाहेर जाऊन टीव्ही लावतो.

हे मला त्या आईनंच सांगितलं, सगळं उघडकीला आल्यानंतर. मधल्या तीन महिन्यांत मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला जवळ बसवून शाळेत कसा जातोस, शेजारी कोण बसतं, असं हळूहळू विचारलं, तेव्हा ते बाहेर आलं. "त्यानं मला सांगितलं होतं हो," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझं लक्ष स्टिकरकडे गेलं."

तिची परवानगी घेऊन हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिला बोल लावावा असं यात काही नाही. त्या वेळी त्या ओट्याशी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच म्हणालो असतो.

शरीराच्या अवयवांच्या नावांवरचा मागचा भाग वाचून बऱ्याच पालकांनी कळवलं की आम्ही मुलांना सगळं शिकवलं आहे: नको असलेला स्पर्श झाला तर ओरडायचं, तिथून पळायचं आणि घरी येऊन सांगायचं. फार चांगलं केलंत. पण घरी येऊन मूल जे सांगतं, ते कसं असतं याची आपल्याला कल्पना नसते. आपल्याला वाटतं, मूल रडत येईल, कुणाचं तरी नाव घेईल, काय झालं ते सांगेल. तसं सहसा होत नाही. मूल आधी चाचपून बघतं. आंघोळीला बसण्याआधी पाण्यात बोट घालून बघावं, तसं ते एक वाक्य आपल्यात घालून बघतं. "शिकवणीला नाही जायचं." "त्या दादाकडे झोपायला नको." "माझ्या वर्गातल्या एका मुलीला ना एक जण..." ही वाक्यं नेमकी आपण कामात असतानाच येतात, कारण तेव्हा आपण त्याच्याकडे रोखून बघत नसतो आणि त्याला बोलणं सोपं जातं. आपण ते वाक्य कसं घेतो, यावर पुढचं बाहेर येणार की पोटातच राहणार, हे ठरतं.

अशा वेळी फार काही करायचं नसतं. गॅस बारीक करायचा, हात पुसायचे, खाली बसायचं आणि म्हणायचं, "का रे? सांग बरं." मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच फार अवघड जातं, म्हणून मुद्दाम सांगते. मूल दोन मिनिटं काहीच बोलत नाही, चमच्याशी खेळतं, आणि आपल्याला राहवत नाही. "काकांनी काही केलं का तुला? हात लावला का? कुठे लावला?" असा आपण भडिमार करतो. तसं करू नका. एक तर मूल बिचकतं. दुसरं म्हणजे लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं, आणि मग खरं काय झालं होतं ते कुणालाच नीट कळत नाही. "मग काय झालं?" आणि "आणखी काही सांगायचंय?" एवढे दोन प्रश्न पुरेत. बहुतेक वेळा पुढची सीट टोचते, एवढंच निघतं. निघू दे. ऐकून घेतलं जातं, हे तर त्याला कळलं.

मुलं गप्प का राहतात, याचा विचार जगभर झाला आहे. कॅलिफोर्नियातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये एक निबंध लिहिला. लैंगिक अत्याचार झालेलं मूल कसं वागतं, याच्या पाच पायऱ्या त्यांनी त्यात मांडल्या. आधी गुपित. मग असहायता, कारण समोरचा माणूस मोठा असतो आणि मोठ्यांचं ऐकायचं हेच आपण शिकवलेलं असतं. मग त्यात अडकून पडणं आणि त्याचीच सवय करून घेणं. चौथी पायरी सांगण्याची. पण ते सांगणं उशिरा, तुटक, ऐकणाऱ्याला खोटं वाटावं असं. आणि पाचवी पायरी माघारीची: सांगितल्यावर घरात उडालेला गोंधळ पाहून मूल म्हणतं, "नाही, तसं काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो."

चौथी आणि पाचवी पायरी मी पालकसभेत दोनदा सांगते. आपल्याकडे खरेपणाची परीक्षा नेमकी उलटी घेतली जाते. "इतके दिवस काय झोपली होती?" "काल वेगळं सांगितलं, आज वेगळं." "आता स्वतःच म्हणतोय ना, काही नाही झालं!" असं म्हणून घर सुटकेचा निःश्वास सोडतं. मूलही घराला सोडवण्यासाठीच तसं म्हणालेलं असतं. फिरवलेला शब्द खोटेपणाचा पुरावा समजू नका. त्याआधीच्या चार दिवसांत घरात काय काय झालं, ते आठवून बघा.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघालं. निम्म्या वेळा करणारा ओळखीतला किंवा विश्वासातला माणूस होता. बहुसंख्य मुलांनी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. "आमचा मुलगा आहे, त्याची काय काळजी?" असं म्हणणारे बाबा मला प्रत्येक सभेत भेटतात. त्यांच्यासाठी हा आकडा पाठ केला आहे.

गोव्याच्या वाचकांना फ्रेडी पीट्स हे नाव आठवत असेल. मडगावात तो अनाथ मुलांचं वसतिगृह चालवायचा आणि धर्मादाय काम करणारा भला माणूस म्हणून त्याला मान होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. अत्याचार झाले होते ते मुलग्यांवर. देशाचा कायदा येण्याच्या नऊ वर्षं आधी, २००३ मध्ये, गोव्यानं मुलांसाठी स्वतःचा कायदा केला. माणूस भला दिसतो, सगळ्यांच्या मदतीला धावून येतो, हीच त्याची ढाल असते, आणि मुलाला हे आपल्याआधी कळलेलं असतं. "काका किती लाड करतात तुझे" हे आईचं वाक्य म्हणूनच त्या मुलाच्या जिव्हारी लागलं. आई काकांच्या बाजूची आहे, असं त्यानं त्यातून घेतलं.

आता समजा, मुलानं सांगितलंच. मूल पहिल्यांदा आपला चेहरा वाचतं. रडू येईल, हातपाय गार पडतील. ते साहजिक आहे, पण ते दुसऱ्या खोलीत. "कोण आहे तो, तंगडं मोडून ठेवतो त्याचं," असं बाबा ओरडले की त्यांना वाटतं, मुलाला धीर आला असेल. मुलाला मात्र दिसतं ते असं: मी बोललो, आता बाबा मारामारी करणार, बाबांना पोलीस नेणार, आणि हे सगळं माझ्यामुळे. तशीच "आधीच का नाही सांगितलंस?" ही विचारणा. विचारतो आपण काळजीनं, त्याला ऐकू येतो तो ठपका.

त्याऐवजी सावकाश, त्याच्याच शब्दांत बोला. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझं काहीच चुकलेलं नाही. मी आहे." मूल म्हणेल, कुणाला सांगू नकोस हं. तसं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडलं तर पुन्हा विश्वास बसणार नाही. "जे आपल्याला मदत करतील, त्यांनाच फक्त सांगेन. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन," एवढं म्हणा आणि ते पाळा. आजी, मावशी, आत्या यांच्यापुढे मुलाला पुन्हा पुन्हा उभं करून तेच वदवून घेऊ नका. त्या रात्री वहीत तारीख घालून मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवा, आपले शब्द न घालता. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखाना गाठा. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला अशा मुलावर मोफत उपचार करावेच लागतात. आणि त्या माणसाला स्वतः जाऊन जाब विचारू नका. तो सावध होतो.

कायदा पालकांना वाटतो तितका परका नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशाचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, मुलगा असो वा मुलगी. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्य तो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. घेताना आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस शेजारी हवं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. पोलिसांनी २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचं. मुलाचं नाव, शाळा, पत्ता वृत्तपत्रात येता कामा नये. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, ते मागायला संकोचू नका. आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हा या कायद्यानं गुन्हा आहे, मग ते शाळेनं दडवलेलं असो की नातेवाइकांनी. "घरातलं घरात मिटवू" म्हणणाऱ्या काकांना हे शांतपणे सांगता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, त्या संतापामागे तक्रार वेळेत नोंदवली गेली नाही हेही एक कारण होतं. काय करावं सुचत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधारानं सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे, आणि त्या नंबरावर मूल स्वतःही बोलू शकतं.

मोठ्या मुलांचं थोडं निराळं असतं. पंधरा वर्षांचा मुलगा ओट्याशी येऊन घुटमळत नाही. तो जेवता जेवता विचारतो, "बाबा, एखाद्याचा फोटो कुणी व्हायरल करायची धमकी दिली तर काय होतं?" हेसुद्धा पाण्यातलं बोटच आहे. इथं बाबांचं ठरलेलं उत्तर असतं: "म्हणूनच सांगतो, तो फोन बाजूला ठेव." मुलं मला सांगतात, घरी न बोलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, की बोललं की फोन जाणार. धमकी देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. "घरी कळलं तर बघ" या एकाच वाक्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. घरी आधीच कळलेलं असेल तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून हा नियम आजच सांगून ठेवा: असं काही सांगायला आलास, तर त्या दिवशी फोन काढून घेणार नाही. असं घडलंच, तर पैसे पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. शरमेनं ही मुलं काय करून बसतील, सांगता येत नाही. मन फार खचलेलं दिसलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

कधी आपलं मूल सांगतं ते दुसऱ्याच्या वागण्याबद्दल नसतं. "मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळे हसले. आता तो शाळेत येत नाही." हे ऐकणं जास्त जड जातं, आणि इथंही पहिला चेहरा तोच लागतो. पुढचा भाग पूर्ण त्यावरच असेल.

त्या रिक्षातल्या मुलाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तक्रार झाली. जबाब त्याच्या घरी, त्याच्याच खाटेवर बसून घेतला गेला. मधल्या काळात एकदा तोही म्हणाला की तसं काही झालं नव्हतं. आईनं फक्त "बरं" म्हटलं आणि त्याला जवळ घेतलं. चार दिवसांनी तो पुन्हा बोलायला लागला. अंथरूण ओलं होणं थांबायला सहा महिने लागले.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेले होते. ती पोळ्या करत होती, तव्यावर एक पोळी होती. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, एक सांगायचंय." तिनं गॅस बंद केला, लाटणं बाजूला ठेवलं आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. "सांग."

"उद्या डब्यात भेंडी नको."

ती म्हणाली, "बरं. आणखी काही?" त्यानं जरा विचार केला, "नाही," म्हणाला आणि खेळायला पळाला. मग तिनं गॅस पुन्हा पेटवला.