मोकळा कोण होता?

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीने कापसाला जे औदार्य दाखविले ते फुटबॉलला कधीच दाखविले नाही. आषाढ-श्रावणात ही माती बुटांच्या तळव्यांना अशी धरते की, अर्ध्या तासात प्रत्येक खेळाडू स्वतःच्या वजनाखेरीज मैदानाचाही काही भाग वाहून नेऊ लागतो. आणि हिवाळा सरता सरता तीच माती भेगाळून इतकी टणक होते की, टप्पा पडलेला चेंडू कोणत्या दिशेला उसळेल हे सांगणे ज्योतिषाच्याही आवाक्याबाहेरचे ठरते. या दोन अवस्थांच्या दरम्यान खेळण्याजोगा जो अल्प काळ सापडतो तो भाद्रपद-आश्विनाचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी निघते, तिच्या मागोमाग कापसाची पहिली वेचणी येते, आणि ज्या घरांतून महाविद्यालयाला विद्यार्थी मिळतात त्याच घरांना त्या विद्यार्थ्यांचे हात परत हवे असतात. यवतमाळ शहरातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा सराव मी एका हंगामात, जमेल तसा, मैदानाच्या कडेला बसून पाहिला, तेव्हा हजेरीपटावर अठरा नावे आणि मैदानावर अकरा मुले हा प्रकार इतका नित्याचा होता की, त्याबद्दल खेद व्यक्त करण्याचे कष्टही कोणी घेत नसे.

महाविद्यालयाचे नाव मी देत नाही. संघ हरणारा आहे, आणि हरणाऱ्यांची जाहिरात त्यांच्या संमतीनेही करू नये असे माझे मत आहे. १९८३ साली नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळे निघालेले अमरावती विद्यापीठ आज संत गाडगेबाबांच्या नावाने पाच जिल्ह्यांचा कारभार पाहते, आणि या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या स्पर्धेत आमच्या या संघाची कारकीर्द बहुतेक वर्षी पहिल्या सामन्याबरोबरच समाप्त होत आलेली आहे. बाद पद्धतीचा हा निष्ठुरपणा बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. पावसाळाभर चिखल तुडवायचा, वसतिगृहाच्या भोजनगृहात उशिरा पोहोचून थंड वरण-पोळी खायची, आणि या सर्व खटाटोपाचा निकाल एका दुपारी लागून एस.टी.ने परत यायचे. कोल्हापुरात तालमीतालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पराभूत संघाच्याही मागे एक अख्खी पेठ उभी असते. येथे पराभवाची चौकशी करणारा एकच इसम असतो, आणि तो प्रवासभत्त्याचे देयक मागणारा कार्यालयातील लिपिक होय.

संघाचे प्रशिक्षक म्हणजे महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक. हे लांबलचक पदनाम नेमणुकीच्या हुकुमापुरते असून मैदानावर ते निव्वळ ‘सर’ आहेत. वऱ्हाडातील असंख्य क्रीडाशिक्षकांप्रमाणे यांचीही जडणघडण अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरात झाली. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी कबड्डी-मल्लखांबासारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर करणाऱ्या त्या संस्थेने या प्रांताला जी शारीरिक संस्कृती दिली तिचा गाभा कवायतीचा आहे: एक शिट्टी, एक रांग, शंभर देहांची एकच हालचाल. त्या शिस्तीचे सौंदर्य ज्याने पाहिले आहे तो तिची थट्टा करणार नाही. सरही करीत नाहीत, सकाळी एन.सी.सी.च्या मुलांना ते आजही त्याच बाण्याने धावडवतात. परंतु फुटबॉलच्या सरावाला येताना ते शिट्टी टेबलाच्या खणात ठेवून येतात. त्यांचे म्हणणे असे की, कवायतीत मुलाने आज्ञेची वाट पाहणे हा गुण आहे आणि फुटबॉलमध्ये तोच दोष आहे. चेंडू पायाशी आल्यावर जो क्षण मिळतो त्यात बाहेरून ओरडलेला शब्द कानी पडेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

शिट्टीच्या जागी त्यांनी काय आणले, हे पाहण्यासारखे आहे. सरावातील खेळ सुरू असतो, कोणी तरी चेंडू गमावतो, आणि सर नुसता हात वर करतात. सर्वजण जेथे असतील तेथे थांबतात. ज्याने चेंडू गमावला त्याला एकच प्रश्न विचारला जातो: “बाबू, मोकळा कोण होता?” मुलाने मान वर करून पाहायचे, आणि बोट दाखवायचे. बोट चुकीचे असले तरी सर ते दुरुस्त करीत नाहीत. ज्याच्याकडे बोट गेले त्यालाच विचारतात की तू खरोखर मोकळा होतास काय, आणि तो प्रामाणिक असला तर सांगतो की, नाही सर, माह्या पाठीमागे हा होता न. मग पाठीमागचा बोलतो. या न्यायनिवाड्यात कधी कधी इतका वेळ जाई की, चिखलात उभे राहून मुलांचे पाय आखडत, आणि मला वाटे की, याऐवजी चार शब्द खडसावून खेळ पुढे नेला असता तर काय बिघडले असते. पण हंगामाच्या मध्यावर एक फरक माझ्या नजरेस आला. प्रश्नाचा हात वर होण्यापूर्वीच मुले, चेंडू येण्याच्या आधी, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान वळवून घेऊ लागली होती. सगळी नव्हे, पाच-सहा. पण ती मान वळविण्याची लकब कोणी हुकूम देऊन लावलेली नव्हती.

दुसरा उपाय पावसाळी सरावाचा. चेंडूला दोनहून अधिक स्पर्श करायचे नाहीत, आणि आठवड्यातून एकदा उजव्या पायाच्या मुलांनी केवळ डाव्या पायाने आणि डावखुऱ्यांनी केवळ उजव्याने खेळायचे. प्रथमदर्शनी हा प्रकार हास्यास्पद दिसतो. संघातील सर्वांत नामांकित आघाडीवीर डाव्या पायाने चेंडू मारायला जाऊन स्वतःच बसतो आणि पहिल्या वर्षाची पोरे खिदळतात. या पद्धतीचा उगम मात्र थोर आहे, आणि तो यवतमाळपासून फार लांबही नाही. या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते, आणि पूर्वी तिच्या पलीकडे निजामाची हद्द सुरू होत असे. त्या निजामाच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. १९४३ पासून १९६३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडविला, ज्याने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकला. मुलांसाठी ते अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत चेंडू घोळवीत नेण्यास बंदी असे, आणि अशाही, की ज्यांत केवळ दुबळा पाय वापरण्याची मुभा असे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये १९५२ साली भारत युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा चिरडला गेला तेव्हाही संघ रहीम यांचाच होता. चार वर्षांनी मेलबर्नला तो चौथा आला, आणि १९६२ साली जकार्ताला दक्षिण कोरियाचा पराभव करून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. त्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळविले, आणि त्याने गोल केला. सर ही कथा मुलांना सांगतात, परंतु जकार्ताचा भाग ते भराभर उरकतात आणि हेलसिंकीपाशी रेंगाळतात. दहा गोल खाल्लेल्या माणसाला पुढे दहा वर्षे काम करू दिले गेले, ही त्यांच्या दृष्टीने त्या कथेतील खरी नवलाची गोष्ट आहे.

आता या संघाच्या दुखण्याच्या मुळाशी यायला हवे, आणि ते मूळ मातीत नाही, सोंगणीतही नाही. ते ‘कलर’मध्ये आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत निवड समितीच्या नजरेत भरलेला खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातो, त्याला विद्यापीठाचा रंगीत कोट मिळतो, आणि तो ‘कलर होल्डर’ म्हणून आयुष्यभर ओळखला जातो. पुढे अंगात आणखी खेळ असेल तर शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाचे दार दिसू लागते. झरी-जामणी, मारेगाव किंवा घाटंजीकडून आलेल्या, दोन-चार एकर कोरडवाहूवर ज्याचे घर चालते अशा मुलाने त्या दाराकडे पाहिले तर त्याला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार, दरमहा पगार घेणाऱ्या आपणा कोणालाही नाही. अडचण अशी की, जो संघ एकच सामना खेळणार आहे त्यातील प्रत्येक मुलाला नजरेत भरण्यासाठी ती एकच दुपार उपलब्ध असते. आणि नजरेत भरतो तो पास देणारा नव्हे, चेंडू घेऊन तिघांना चकवीत जाणारा. संघातील आघाडीवीराने हा हिशेब माझ्यासमोर अत्यंत स्वच्छ शब्दांत मांडला. “मी पास देल्ला असता त गोल झाला असता, मान्य आहे. पन मंग त्या दिवशी मी दिसलो कोनाले असतो?” या प्रश्नाला सरांपाशी उत्तर नव्हते, आणि असल्याचा बहाणाही त्यांनी केला नाही. मैदानाच्या दुसऱ्या कडेला पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारीत असतात. तेथे प्रत्येकजण स्वतःच्या घड्याळाशी झुंजतो आणि कोणाला काही मोकळे करून द्यावे लागत नाही. संघातली निम्मी मुले सराव संपल्यावर त्यांच्यात जाऊन मिसळतात.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना घेऊन जे कार्य उभारले त्याच्यावर पुढे २०२२ साली ‘झुंड’ हा चित्रपट निघाला, आणि तेव्हापासून आमच्या सरांना लोक कौतुकाने तीच उपमा देऊ पाहतात. ती त्यांना रुचत नाही. बारसे यांनी ज्यांना मैदान नव्हते त्यांना मैदान दिले. माझ्याकडे मैदान आहे, मुले आहेत, मला फक्त त्यांना एकमेकांची गरज वाटायला लावायची आहे, आणि ते काम पडद्यावर दिसण्यासारखे नाही, असे ते म्हणतात.

त्यासाठी त्यांनी काही शिरस्ते घालून दिले आहेत. चेंडूंची जाळी आणि पाण्याचा कॅन उचलण्याचे काम अन्यत्र नवशिक्यांकडे असते. येथे ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे आहे. मला यात थोडा देखावा वाटला, आणि मी तसे बोलून दाखविले. ते हसले आणि विषय बदलला. परंतु सोंगणीविषयीचा त्यांचा नियम मात्र मला मोठ्या शहाणपणाचा वाटला. घरी जाणाऱ्या मुलाने रजा मागायची नाही, कारणही द्यायचे नाही, परत आल्यावर त्याची जागा त्याला विनातक्रार मिळेल. अट एकच: “मले सांगू नको. तुह्या जागी जो खेळन त्याले सांगून जा.” पूर्वी मुले न सांगता गायब होत आणि तोंड दाखविण्याच्या संकोचाने पुढे येतच नसत. आता जाण्यापूर्वी पुसदच्या एका मुलाला मी पाहिले, तो आपल्या जागी येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोराला मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभे करून सांगत होता की, येथे खड्डा आहे, चेंडू येथे अडतो, पाय आधी टाक. दहा दिवसांनी तो हातांना सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे घेऊन परतला, आणि जागेवरून दोघांत काही बाचाबाची झाली नाही असे मात्र नाही.

एका गोष्टीत सरांचे चुकते असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी एकाने सर्वांना हुकूम सोडू नये या आग्रहापोटी त्यांनी कायमचा कर्णधार नेमलाच नाही. आळीपाळीने प्रत्येकाने ते पद सांभाळायचे. अमरावतीच्या सामन्यात याची किंमत मोजावी लागली. पूर्वार्ध बरोबरीत सुटला. उत्तरार्धाच्या प्रारंभी गोलपासून वीसेक पावलांवर फ्री किक मिळाली, प्रतिपक्षाने चेंडू ठेवला, आणि आमची चार मुले भिंत कोणी कोठे करायची हे एकमेकांना सभ्यपणे विचारीत राहिली. चेंडू त्यांच्या मधून गेला. विचारविनिमयाला जागा असते तशी वेळही असते, आणि फ्री किक ही ती वेळ नव्हे. दुसरा गोल त्याच गोंधळातून झाला. आमचा एक झाला तो कॉर्नरच्या गर्दीत कोणाच्या तरी गुडघ्याला लागून. तो नेमका कोणाचा, यावर दोन दावे दाखल झाले. शेवटच्या काही मिनिटांत आघाडीवीर गोलसमोर एकटा सापडला, आणि हंगामभर ज्याने पास दिला नाही त्याने त्या क्षणी, मारायचे सोडून, बाजूला पास दिला. तेथे कोणीही नव्हते. तिसरा गोल प्रतिहल्ल्यात झाला.

परतीच्या एस.टी.त बराच वेळ कोणी बोलले नाही. नेरला बस चहासाठी थांबली तेव्हा सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि आघाडीवीर ग्लास खाली ठेवून म्हणाला, “मीच होतो न सर.” यावर प्रथम सरच हसले. त्यानंतर निवड समितीचा निरोप त्यांनी सांगितला: चाचणीसाठी आमच्या संघातून एकाला बोलावणे होते, आणि तो गोलरक्षक होता, कारण हरणाऱ्या संघात सर्वाधिक काम त्यालाच पडते आणि म्हणून सर्वाधिक दिसतोही तोच. मुलांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो चाचणीला गेल्यावर सरावात गोलमध्ये कोण उभे राहणार, असा प्रश्न पुसदच्या मुलाने काढला. दोघातिघांनी एकमेकांची नावे सुचविली, स्वतःचे कोणी सुचविले नाही, आणि वाहकाने घंटी दिल्यामुळे तो विषय तहकूब ठेवून सर्वजण बसकडे धावले.