स्टेजवरची छोटी डबी: डीआय बॉक्स

गणपतीतला ऑर्केस्ट्रा. कीबोर्डवाल्याची साधी जॅकची वायर थेट मिक्सरपर्यंत ओढलेली, चांगली वीस-पंचवीस मीटर. पहिल्या गाण्याआधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’! सगळे साउंडवाल्याकडे डोळे वटारून बघतात. खरं तर स्टेजवर डीआय बॉक्स नसतो.

कीबोर्ड, बेस, गिटार यांच्या जॅकचा सिग्नल बहुधा अनबॅलन्स्ड. पाच-सहा मीटरपर्यंत चालतं, पुढे वायरच अँटेना होते. डीआय तो सिग्नल लो इम्पिडन्स आणि बॅलन्स्ड करून एक्सएलआर वायरवर देतो. दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल जातो, मिक्सर त्यातला फरक घेतो आणि दोन्हींवर सारखीच बसलेली घरघर आपोआप कटते. काय डोकं लावलंय!

कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉपला पॅसिव्ह डीआय पुरतो; आत ट्रान्सफॉर्मर, वीज लागत नाही. प्रीअँप नसलेल्या पिएझो पिकअपच्या गिटारला मात्र अ‍ॅक्टिव्हच घ्या, इनपुट निदान १ मेगाओहमचा. नाहीतर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. अ‍ॅक्टिव्हला बॅटरी किंवा मिक्सरचा ४८ व्होल्ट फँटम लागतो. तो चालू करायला विसरलात तर डबी मुकी!

तरीही घरघर आली तर डबीवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबून बघा. लॅपटॉपला हमखास उपयोगी. आणि हात जोडून सांगतो, घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. त्याने माणूस जातो.