उतरत्या हिवाळ्यातील हिमवाटा
अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या व्हाइट माउंटन्स या पर्वतरांगेत, जिचे माउंट वॉशिंग्टन हे सर्वोच्च शिखर १,९१७ मीटर उंच आहे, मार्चमध्येही वाटांवर बर्फाचा जाड थर असतो. मात्र तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठत असल्याने पहाटेचा टणक पृष्ठभाग दुपारी भुसभुशीत होतो आणि नुसत्या बुटांचा पाय मांडीपर्यंत रुततो. स्नोशू, म्हणजे शरीराचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवणारी रुंद चौकट, हे रुतणे बरेच कमी करते व तळाचे धातूचे दाते चढावर पकड देतात. हिवाळाभर तुडवलेली वाट घट्ट झाल्याने सर्वांत उशिरा वितळते आणि शेवटी तिचा अरुंद, निसरडा उंचवटाच उरतो. त्याहून फसवा, आणि बहुधा दुर्लक्षित, धोका वृक्षरेषेजवळील स्प्रूस झाडांभोवती असतो, कारण बर्फाखाली गाडलेल्या फांद्यांमध्ये राहिलेली पोकळी वरून दिसत नाही.