खुरासणी तण का दाबते?

हरसूल परिसरात डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नागली-वरईच्या जोडीला खुरासणी, म्हणजेच कारळा, पेरतात. मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या घरांना निंदणीचे चार दिवस वाचले तरी मोठे. खुरासणी सूर्यफुलाच्या कुळातली. सूर्यफुलाच्या मुळांतून, पाल्यातून सुटणारी रसायने तणांची उगवण रोखतात. खुरासणीनंतरच्या धान्यपिकात तण कमी येते, हा इथिओपियातील शेतकऱ्यांचा अनुभव.

मग तसे वाण का नाही? इगतपुरीच्या संशोधन केंद्राने सुधारित वाण दिले; पण तेलबियांत निवड होते ती मुख्यतः उत्पादन आणि तेलावर. शिवाय खुरासणीत परपरागीकरण होते. मधमाशी शेजारच्या शेतातले पराग आणते आणि निवडलेला गुण पातळ होतो. अमरवेल तर खुरासणीच्याच अंगावर पोसते. तिच्यासाठी स्वच्छ बियाणेच हवे.