सर्पविष आणि पेशींचे नाजूक आवरण

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हा केळी, ऊस आणि हळदीचा परिसर. पाण्याखालची शेते, पाचटाचे ढीग आणि धान्याच्या कोठ्या असल्या की उंदीर येतात, आणि उंदरांमागोमाग साप. अशा गावात आपले वास्तव्य असेल, किंवा आपले वृद्ध आईवडील तेथे राहत असतील, तर सर्पविष शरीरात नेमके काय करते हे आपण जाणून घ्यायला हवे. दंशानंतरची घाई का आवश्यक आहे, ते त्यातून उमगते.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. ते मेदरेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. गोधडीचे दोन पदर टाक्यांनी एकत्र राहावेत, तसे हे थर एकमेकांना धरून राहतात. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, हे याच पटलावर ठरते.

बहुतेक विषारी सापांच्या विषात ‘फॉस्फोलिपेज ए-२’ नावाचे विकर असते. पटलातील मेदरेणूला दोन शेपट्या असतात. हे विकर त्यांपैकी एक कापते. टाका उसवला की गोधडी विसविशीत होते, तसे पटल दुबळे होते. कापलेल्या तुकड्यांतून दाह निर्माण करणारी द्रव्ये तयार होतात, आणि सूज व वेदना वाढतात. नागाच्या विषातील काही लहान प्रथिने तर थेट पटलात शिरून त्याला भोके पाडतात. दंशाजवळची त्वचा काळी पडून मांस सडते, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

मण्यारीचे विष चेतातंतूंच्या टोकांवर घाला घालते, त्यामुळे स्नायूंपर्यंत संदेश पोहोचत नाही. घोणशीच्या विषातील अन्य विकरे रक्तवाहिन्यांचे अस्तर कुरतडतात आणि रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवतात. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. फुरशाच्या दंशानेही रक्तस्राव होतो.

वृद्धांच्या बाबतीत येथेच घात होतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. वेदना अल्प, खूण जेमतेम दिसणारी. पहाटे आजोबांच्या पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, आणि घरचे म्हणतात, ‘वयोमान आहे,’ किंवा ‘अर्धांगवायूचा झटका असेल.’ अशा वेळी सर्पदंशाची शंका मनात आणा आणि डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा.

प्रतिसर्पविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. फाटलेले पटल ते सांधू शकत नाही. मण्यारीने बिघडवलेली चेतातंतूंची टोके शरीराला पुन्हा उभारावी लागतात. त्याला अनेक दिवस लागू शकतात, आणि तोवर कृत्रिम श्वसनाची गरज पडू शकते. म्हणून जेवढा विलंब, तेवढी हानी.

दंश झाल्यास रुग्णाला धीर द्या. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दोरीने आवळू नका, चिरू नका, चोखू नका. आपल्या अंगणातील हळद कितीही गुणकारी असली, तरी जखमेवर लावून विष उतरत नाही. वेदनेसाठी अॅस्पिरिन देऊ नका. आजी-आजोबा रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असतील, तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड येथे डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या असंख्य रुग्णांवर उपचार केले आहेत. ग्रामीण भागातही वेळेवर उपचार शक्य आहेत, हे त्यांच्या कामाने दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत स्थान दिले आणि २०३० पर्यंत त्याने होणारे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे ध्येय पुढे ठेवले.

त्या ध्येयाचा आरंभ आपल्या घरातूनच होऊ शकतो. वडीलधाऱ्यांची पथारी जमिनीवरून खाटेवर न्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा आणि उशाशी एक बॅटरी ठेवा. रात्री उठताना आधी उजेड आणि मगच पाऊल, एवढी सवय त्यांना लावा.