दुरुस्तीसेवा दूर असताना व्यावसायिक भरतकाम यंत्राची निवड : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

स्वित्झर्लंडमधील आयझॅक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये शिफली यंत्राची कल्पना साकार केली आणि हाताने केले जाणारे भरतकाम कारखान्यात आले. आज संगणकनियंत्रित यंत्रांमुळे तेच भरतकाम पुन्हा घरात व लहान दुकानात परतले आहे. ब्लाउज, लग्नसराईची वस्त्रे आणि शालेय गणवेशावरील बोधचिन्हे यांची मागणी तालुक्याच्या गावांतही असते. तथापि, यंत्र गावात पोहोचले तरी ते दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बहुधा मोठ्या शहरातच राहतो. दुरुस्तीचे अंतर हा यंत्राच्या किमतीचाच एक भाग मानला पाहिजे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. अंतराचे स्वरूप

१९९८ मध्ये धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार शहर सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. त्यामुळे वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र असलेले सुरत त्याला मुंबई-पुण्यापेक्षा जवळचे आहे. मात्र सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील व्यावसायिकास आधी घाट उतरून नंदुरबार गाठावे लागते. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये न मोजता, बिघाड झाल्यापासून यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत किती दिवस जातात, या मापाने मोजणे अधिक योग्य ठरते.

३. बंद यंत्राची किंमत

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. यंत्राचा वेग मिनिटास ८०० टाके आणि नक्षी १२,००० टाक्यांची असल्यास प्रत्यक्ष भरणीस १५ मिनिटे लागतात. चौकट बसविणे, रंग बदलणे व तुटलेला धागा ओवणे यांसाठी ५ मिनिटे धरल्यास तासाला ३ आणि ८ तासांत २४ नग होतात. प्रत्येक नगामागे ४० रुपये सुटत असतील, तर ६ दिवसांच्या खोळंब्यात १४४ नग व ५,७६० रुपये बुडतात. वर्षातून असे तीन प्रसंग आल्यास पाच वर्षांत ही रक्कम ८६,४०० रुपये होते. तंत्रज्ञाचा प्रवासखर्च आणि दुरावलेले ग्राहक यांत धरलेले नाहीत. यंत्र कर्जाऊ घेतलेले असेल तर ते चालू असो वा बंद, हप्ता ठरल्या तारखेस भरावाच लागतो. सबब खरेदीच्या वेळी वाचविलेले पन्नास हजार रुपये ही खरी बचत असतेच असे नाही.

४. बिघाडांचे वर्गीकरण

भरतकाम यंत्रातील बिघाडांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

(अ) नित्याचे : सुई बोथट होणे, बॉबिन केसचा ताण बिघडणे, हुकमध्ये धाग्याचे तूस अडकणे. हे चालकाने स्वतःच दूर करावयाचे असतात.

(आ) यांत्रिक : सुई व फिरता हुक यांचा मेळ चुकणे, धागा कापणारी पाती झिजणे, पट्टा सैल होणे. पुस्तिका व थोडे प्रशिक्षण असल्यास हेही स्थानिक पातळीवर दुरुस्त होऊ शकतात. मुख्य दंडावरील अंशांचे चक्र ठरलेल्या अंशावर आणून हुकचे टोक सुईच्या खाचेपाशी जुळविणे हे कौशल्य शिकता येण्यासारखे आहे.

(इ) विद्युतीय : मुख्य बोर्ड, मोटारीचा ड्रायव्हर किंवा वीजपुरवठ्याचा भाग निकामी होणे. येथे बहुधा भाग बदलणे हाच उपाय उरतो. असमान दाबाची वीज हे या वर्गातील बिघाडांचे एक महत्त्वाचे कारण असल्याने स्टॅबिलायझर, यूपीएस व योग्य अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किंमतीतच धरावा.

५. निवडीचे निकष

पहिला निकष परिसरातील वापराचा होय. आसपास जे यंत्र अनेकांकडे आहे, त्याचे सुटे भाग व त्याचा जाणकार लवकर मिळतो. शंभर वैशिष्ट्ये असलेले परंतु जिल्ह्यात एकमेव असलेले यंत्र अडचणीच्या वेळी एकाकी पडते.

दुसरा निकष सुट्या भागांचा. सुया, बॉबिन केस, हुक, पाती व पट्टे यांचा एक संच खरेदीबरोबरच घ्यावा आणि भागांचे क्रमांक असलेली यादी मागून घ्यावी.

तिसरा निकष रचनेचा. दोन हेडच्या एका यंत्राचा बोर्ड बिघडला तर दोन्ही हेड थांबतात. एकेका हेडची दोन सारखी यंत्रे महाग पडली तरी एक चालू राहते, आणि भागांची अदलाबदल करून दोष नेमका कोठे आहे हेही शोधता येते.

चौथा निकष नक्षीच्या फाइलचा. बहुतेक व्यावसायिक यंत्रे डी.एस.टी. स्वरूपाची फाइल स्वीकारतात. ते स्वरूप चालत असेल तर यंत्र बंद पडल्यावर तीच नक्षी शेजारच्या व्यावसायिकाकडून भरून घेऊन ग्राहकास दिलेला शब्द पाळता येतो.

पाचवा निकष कराराचा. तंत्रज्ञ किती दिवसांत येईल, त्याचा प्रवासखर्च कोण देईल आणि हमीत बोर्डाचा समावेश आहे काय, हे लेखी घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर ‘व्यापारी प्रयोजन’ मानला जात नाही. तसेच तक्रारदारास स्वतः राहत असलेल्या किंवा काम करीत असलेल्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. दूरच्या विक्रेत्याशी व्यवहार करणाऱ्यास ही तरतूद विशेष उपयुक्त आहे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘सर्वांत चांगले यंत्र कोणते?’ यापेक्षा ‘येथे कोणते यंत्र चालू ठेवता येईल?’ हा प्रश्न ग्रामीण व्यावसायिकाने प्रथम विचारावा. या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. गृहविज्ञान व वाणिज्य विभागांनी परिसरातील यंत्रे, त्यांचे बिघाड आणि बंद दिवस यांची साधी नोंदवही ठेवली, तरी पुढच्या खरेदीदारास विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह आधार मिळेल. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने हुक जुळविण्याचे अल्पकालीन वर्ग घेतल्यास दुसऱ्या वर्गातील बिघाडांसाठी परगावची वाट पाहावी लागणार नाही. यंत्राची निवड एकाची असली तरी त्याची देखभाल ही परिसराची क्षमता असते, आणि ती क्षमता वाढविणे हे शिक्षणसंस्थांचे कार्य आहे.